रात्री कोणाला विचारायचे?

(संस्थेच्या मित्रमेळाव्यात पेडगाव, जि. परभणी येथे आमच्या आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी केलेले भाषण. बोलण्याची भाषा शक्य तितकी तशीच ठेवली आहे. – संपादक)



गेल्या मेळाव्यात जमाखर्चाचा कागद सर्वांना वाटला होता. त्यात औषधे, सलाईन, गाडीचे डिझेल अशी खर्चाची नावे होती आणि त्यांच्या खाली ‘मोबाईल व इंटरनेट’ अशी एक ओळ होती. जेवणाच्या पंगतीत एका मावशींनी मला थांबवून विचारले, “डॉक्टर, आम्ही पैसे देतो ते आदिवासी लेकरांच्या औषधाला देतो. तुमच्या मोबाईलला कशाला?”

मी तेव्हा हसून वेळ मारून नेली. घरी गेल्यावर मला वाटले, मावशींचा प्रश्न अगदी बरोबर होता आणि मी उत्तर न देता निघून आलो, हे बरोबर झाले नाही. म्हणून आज ठरवून त्याच प्रश्नाचे उत्तर द्यायला उभा आहे. मावशी, तुम्ही आलेल्या दिसताय. माझे म्हणणे पटले नाही तर शेवटी उठून सांगा.

आमचे काम कुठे चालते, हे नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. इथे पेडगावला रेल्वे स्थानक आहे, परभणी शहर जवळ आहे. रात्री कोणाचे दुखले-खुपले तर गाडी करून तासाभरात मोठ्या डॉक्टरांपर्यंत जाता येते. पण इथून जिंतूर, औंढा, कळमनुरीकडे डोंगराळ भाग सुरू झाला की गोष्ट बदलते. तिकडे आंध समाजाची वस्ती आहे. 1999 साली हिंगोली जिल्हा वेगळा होण्याआधी हा सगळा आपलाच परभणी जिल्हा होता. शेती कोरडवाहू. दिवाळीनंतर कित्येक कुटुंबे ऊसतोडीला निघून जातात. पावसाळ्यात काही वस्त्यांवर गाडी जात नाही. अशा ठिकाणी आमचे सहा खाटांचे केंद्र आहे. डॉक्टर मी एकटा, दोन सिस्टर आणि एक ड्रायव्हर.

एकटा डॉक्टर म्हणजे काय, हे शहरातल्या माणसाला चटकन कळत नाही. मोठ्या रुग्णालयात शेजारच्या खोलीत दुसरा डॉक्टर असतो. चहा पिता पिता तो विचारतो, “अरे, त्या पेशंटला हे देऊन पाहिलंस का?” तेवढ्या एका वाक्याने कधी कधी जीव वाचतो. माझ्या शेजारच्या खोलीत खताची पोती आहेत.

शिकलेले जुने होते

मी डॉक्टर होऊन आता बरीच वर्षे झाली. मला शिकवलेल्या काही गोष्टी आज चुकीच्या ठरल्या आहेत. साप चावला की वरच्या बाजूला दोरी घट्ट आवळून बांधा, असे आम्ही गावोगाव सांगत फिरलो. आज सांगतात, आवळू नका, त्याने हात-पाय निकामी होऊ शकतो. पाय हलणार नाही असा ठेवा आणि लवकर दवाखान्यात न्या. सापाच्या विषावरचे औषध देण्याआधी कातडीत थोडे टोचून ॲलर्जी तपासा, असे आम्हाला शिकवले होते. आता ती चाचणी करू नका म्हणतात, कारण तिने नेमके काही कळत नाही आणि वेळ जातो. क्षयरोगाची औषधे आम्ही आठवड्यातून तीन दिवस देत होतो. 2017 पासून देशभर ती रोज द्यायला सुरुवात झाली.

हे बदल मला कोणी दारावर येऊन सांगितले नाहीत. आणि मला कळले नसते तर त्रास मला झाला नसता. तो वस्तीवरच्या माणसाला झाला असता, आणि डॉक्टर जुने औषध देतो आहे हे त्याला कधीच कळले नसते.

सरकारलाही हे ठाऊक आहे. आपल्या राज्यात डॉक्टरला दर पाच वर्षांनी महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते. त्यासाठी त्या पाच वर्षांत 30 तासांचे शिक्षण घेतल्याचे दाखवावे लागते. व्याख्याने बहुतेक मोठ्या शहरात, हॉटेलात होतात. चांगलीही असतात. पण मी एका व्याख्यानासाठी संभाजीनगरला गेलो की जाण्यायेण्यासह दोन दिवस केंद्र बंद. आणि तिथे हृदयाच्या नव्या शस्त्रक्रियेवर तासभर ऐकून परत आलो, तर दारात उभा असतो विंचू चावलेला पोरगा.

विंचवाची गोष्ट

विंचवाचे नाव निघाले म्हणून डॉ. हिंमतराव बावस्कर यांच्याबद्दल सांगतो. आपल्याच मराठवाड्यातले, जालना जिल्ह्यातील देहेड गावचे. 1976 साली ते रायगड जिल्ह्यात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणात लाल विंचू फार. विंचू चावलेली लेकरे डोळ्यांदेखत दगावत होती. पुस्तकात त्यावर धड उपचार नव्हता. या तरुण डॉक्टरने रुग्णांच्या उशाशी बसून तासातासाला काय होते ते लिहून काढले. घाम, उलट्या, हात-पाय थंड पडणे, मग हृदय थकणे आणि फुफ्फुसात पाणी. 1982 साली त्यांचे हे निरीक्षण ‘लॅन्सेट’ या लंडनच्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. पुढे त्यांनी प्राझोसिन नावाची रक्तदाबाची साधी गोळी या रुग्णांना द्यायला सुरुवात केली आणि विंचवाने मरणाऱ्यांचे प्रमाण कितीतरी खाली आले. 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली.

ही गोष्ट मी दोन कारणांसाठी सांगतो. एक म्हणजे, ज्ञान दर वेळी शहरातून खेड्याकडेच येते असे नाही, बिरवाडीतूनही ते लंडनला गेले. दुसरे म्हणजे, तो काळ टपालाचा होता. कोकणात कळलेली गोष्ट आमच्या डोंगरातल्या एकट्या डॉक्टरपर्यंत पोहोचायला तेव्हा वर्षे लागत. त्या वर्षांत इकडे किती लेकरे गेली असतील, ते कोणी मोजलेले नाही.

पहाटेची वेळ

आता मोबाईलचे सांगतो.

सोयाबीन काढणीचे दिवस होते. पहाटे चारच्या सुमारास एका मुलीला बैलगाडीतून आणले. वय चौदा. आई म्हणाली, “रातच्याला चांगली जेवली, झोपली. मंग पोट दुखतंय म्हणून उठली, दोनदा उलटी झाली.” मी तपासले. ताप नाही, पोट मऊ, जखम कुठे नाही. शिळे काही खाल्ले असेल असे समजून मी ॲसिडिटीचे इंजेक्शन दिले, सलाईन लावले. सिस्टर म्हणाल्या, “सर, ही नीट बोलत नाही. जीभ जड झाल्यासारखी वाटते.” मी म्हणालो, झोपेत आहे.

पण सिस्टरचे बोलणे मनात राहिले. आम्ही खेड्यात काम करणारे काही डॉक्टर, सरकारी, खासगी, मिशनचे, असा आमचा व्हॉट्सॲपवर एक गट आहे. मी तिथे चार ओळी लिहिल्या. वय, तक्रार, नाडी, रक्तदाब. नाव-गाव काही नाही. पहाटे कोण जागे असणार? पण दोनच मिनिटांत एका रात्रपाळीच्या डॉक्टरचा उलट प्रश्न आला: “जमिनीवर झोपली होती का? पापण्या पूर्ण उघडते का?”

मी टॉर्च घेऊन पळालो. “बाई, वर बघ.” तिने कपाळाला आठ्या घातल्या, पण पापण्या अर्ध्यावरच राहिल्या. आईला विचारले, कुठे झोपली होती? “खाली. आम्ही समदेच खालीच झोपतो.”

मण्यार. रात्री अंथरुणात शिरणारा साप. त्याचे दात इतके बारीक की बऱ्याचदा चावल्याचे कळत नाही, सूज येत नाही, रक्त येत नाही. पहाटे पोट दुखते, मग पापण्या जड होतात, घोट गिळता येत नाही आणि शेवटी श्वास थांबतो. माणूस पूर्ण शुद्धीवर असतो, पण छाती हलत नाही.

आमच्याकडे विषावरच्या औषधाच्या दहा बाटल्या होत्या. मोठ्या माणसाला जितके औषध देतात तितकेच लहानालाही देतात, कारण साप वय बघून विष कमी सोडत नाही. दहाही दिल्या. औषधाची रिॲक्शन आलीच तर द्यायचे इंजेक्शन भरून उशाशी ठेवले होते. गटावरच्या डॉक्टरने सांगितले, “आता श्वासाकडे लक्ष ठेव, अंबू बॅग हातात घे, व्हेंटिलेटर असेल तिथे हलव.” ॲम्ब्युलन्समध्ये बसल्यावर अर्ध्या तासात तिचा श्वास थांबला. मग सिस्टर आणि मी आळीपाळीने ती फुग्यासारखी पिशवी दाबत गेलो. एकजण दाबतो, दुसरा मोजतो. जवळजवळ दोन तास. मोठ्या रुग्णालयाच्या दारात उतरलो तेव्हा माझी बोटे सरळ होत नव्हती.

पाचव्या दिवशी ती स्वतः श्वास घ्यायला लागली. मण्यारीच्या विषाचे असेच असते. श्वास चालू ठेवला तर माणूस पूर्ण बरा होतो, मागे काही व्यंग राहत नाही. आज ती आश्रमशाळेत शिकते.

मावशी, इथे एक खरे बोलायचे आहे. त्या रात्री मोबाईलने मला काही नवीन शिकवले नाही. मण्यारीची लक्षणे मी परीक्षेत लिहून आलो होतो. पण पहाटे चार वाजता, थकलेल्या डोक्यात, ती आठवली नाहीत. आठवण करून देणारा माणूस हवा होता. तो शेजारच्या खोलीत नव्हता, दीडशे किलोमीटरवर होता. आणि त्याच्याही आधी सिस्टरने बरोबर ओळखले होते, ते मी ऐकले नव्हते.

ही फक्त आमच्या केंद्राची गोष्ट नाही. आपल्या देशात 2000 ते 2019 या काळात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी 58 हजार माणसे गेली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यातली बहुतेक खेड्यातली. केंद्र सरकारने मार्च 2024 मध्ये सर्पदंशासाठी राष्ट्रीय कृती आराखडा आणला, त्यात 2030 पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायचे ठरले आहे. मराठवाड्यात मुखेडचे डॉ. दिलीप पुंडे, पुणे जिल्ह्यात नारायणगावचे डॉ. सदानंद राऊत यांच्यासारख्या तालुक्याच्या गावी राहून काम करणाऱ्या डॉक्टरांनी सर्पदंशाच्या उपचारात आयुष्य घातले आहे. त्यांचा अनुभव वस्तीवरच्या डॉक्टरपर्यंत कसा पोहोचवायचा, एवढाच प्रश्न आहे.

नुसते मेसेज म्हणजे शिक्षण नव्हे

आता कोणी म्हणेल, मग सगळ्यांना मोबाईल देऊन टाका, झाले काम. तसे नाही. गटावर दिवसभर शंभर मेसेज येतात. सुप्रभात, वाढदिवस, राजकारण. त्यातून शिकायचे तर शिस्त लागते.

ही शिस्त कशी असावी याचे एक चांगले उदाहरण अमेरिकेतले आहे आणि ते एका भारतीय डॉक्टरचे आहे. न्यू मेक्सिको हे तिकडचे मोठे, विरळ वस्तीचे राज्य. तिथल्या विद्यापीठात डॉ. संजीव अरोरा हे यकृताचे तज्ज्ञ. हेपटायटिस सीचे रुग्ण लांबून त्यांच्याकडे येत आणि महिनोन्‌महिने वाट पाहत. 2003 मध्ये त्यांनी ठरवले की रुग्णांना इकडे बोलावण्याऐवजी त्यांच्या गावच्या डॉक्टरांनाच तयार करायचे. दर आठवड्याला ठरलेल्या वेळी पडद्यावर सगळे एकत्र यायचे. खेड्यातले डॉक्टर आपापले रुग्ण मांडायचे, नाव न सांगता. तज्ज्ञ आणि इतर डॉक्टर मिळून चर्चा करायचे. या पद्धतीला ‘इको’ म्हणतात. 2011 मध्ये तिचा निकाल प्रसिद्ध झाला. 407 रुग्ण होते. विद्यापीठात उपचार झालेल्यांपैकी 57.5 टक्के बरे झाले आणि खेड्यात व तुरुंगात साध्या डॉक्टरांनी उपचार केलेल्यांपैकी 58.2 टक्के. म्हणजे खेड्यातला डॉक्टर कुठे कमी पडला नाही. आज भारतातही या पद्धतीने शिकवण्याचे काम चालते.

आपल्या ख्रिस्ती रुग्णालयांनाही हा विचार नवा नाही. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी 1894 साली मिरजेला रुग्णालय उघडले आणि थोड्याच वर्षांत तिथे वैद्यकीय शिक्षणही सुरू केले. नुसते रुग्ण बरे करून भागणार नाही, बरे करणारी माणसे तयार करावी लागतील, हे त्यांना कळले होते. वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज लांबच्या डॉक्टरांना आपले केंद्र न सोडता कौटुंबिक वैद्यक शिकता यावे म्हणून दूरशिक्षणाचा अभ्यासक्रम चालवते.

हे पाहून आम्हीही आमच्या गटात एक लहान नियम केला. एक आठवड्याआड गुरुवारी दुपारी दोन वाजता, ओपीडी संपल्यावर, एक तास. एकजण आपला अडलेला रुग्ण मांडतो. प्रत्येक सल्ल्यासोबत तो कुठल्या मार्गदर्शक सूचनेत आहे ते सांगायचे. आणि सिस्टरांनी सोबत बसायचे.

या शेवटच्या नियमाचा फायदा लगेच दिसला. घोणस किंवा फुरसे चावले तर रक्त गोठत नाही. ते तपासायला यंत्र लागत नाही. काचेच्या नव्या, कोरड्या नळीत थोडे रक्त घ्यायचे आणि 20 मिनिटे न हलवता ठेवायचे. नळी तिरपी केल्यावर रक्त वाहिले तर विष अंगात भिनले आहे असे समजायचे. एका गुरुवारी हा विषय निघाला आणि आमच्या सिस्टरने विचारले, “सर, आपल्या नळ्या तर प्लॅस्टिकच्या आहेत, चालतात का?” चालत नाहीत. प्लॅस्टिकमध्ये, किंवा साबणाने धुतलेल्या काचेत, ही चाचणी फसते. आम्ही इतके दिवस चुकीच्या नळीत रक्त बघत होतो. दुसऱ्याच दिवशी काचेच्या नळ्या आणल्या. फार स्वस्त वस्तू आहे ती.

माझ्या दोन चुका

चांगले सांगितले, आता वाईट सांगतो. ते लपवले तर मावशींच्या प्रश्नाचे अर्धेच उत्तर होईल.

पहिली चूक कोरोनातली. 2021 च्या एप्रिलमध्ये एक मेसेज फिरत होता. एका नामांकित रुग्णालयाचे नाव वर घातलेले, औषधांची यादी आणि खाली लिहिलेले, ‘पहिल्याच दिवसापासून सुरू करा’. त्यात स्टेरॉइड होते. रुग्णांची रांग लागलेली, माझी झोप झालेली नाही, आणि मी ते मानले. चार-पाच साध्या रुग्णांना स्टेरॉइड दिले. खरे तर त्याच्या आदल्याच वर्षी इंग्लंडमधल्या मोठ्या अभ्यासातून स्पष्ट झाले होते की हे औषध ऑक्सिजन लागणाऱ्या रुग्णाला वाचवते, पण ज्याला ऑक्सिजन लागत नाही त्याला फायदा नाही, उलट अपाय होऊ शकतो. माझ्या रुग्णांपैकी एका मधुमेही बाबांची साखर इतकी वाढली की त्यांना परभणीला हलवावे लागले. ते वाचले. पण मेसेज कोणी लिहिला, कधी लिहिला, हे मी एका मिनिटात विचारू शकलो असतो आणि विचारले नाही. ज्या मोबाईलवर खोटा मेसेज आला त्याच मोबाईलवर खरी मार्गदर्शक सूचनाही होती.

दुसरी चूक जास्त लागली. ती मी त्या मुलीच्या परवानगीने सांगतो, आणि ओळख पटेल असे काही सांगत नाही.

एका तरुण मुलीच्या हातावर फिकट, बधिर चट्टा होता. मला कुष्ठरोगाची शंका आली. खात्री करायला मी फोटो काढून गटावर टाकला. चेहरा घेतला नव्हता, नाव लिहिले नव्हते. मला वाटले, मी सगळी काळजी घेतली. पण चट्ट्याच्या शेजारी, मनगटावर, तिचे नाव गोंदलेले होते. मराठीत, ठळक. माझ्या लक्षातच आले नाही. तो फोटो कोणाच्या तरी मोबाईलवरून कोणाच्या तरी हाती गेला आणि फिरत फिरत तिच्याच भागात पोहोचला. तिच्या लग्नाची बोलणी चालू होती. ती थांबली.

मला हे कळले तेव्हा ती दोन महिने औषध न्यायला आली नव्हती. मी तिच्या घरी गेलो. तिचे वडील दारात बसले होते. ते ओरडले नाहीत. एवढेच म्हणाले, “साहेब, तुमच्यावर भरवसा होता.” मी माफी मागितली. कुष्ठरोगाचे औषध सुरू झाले की थोड्याच दिवसांत तो दुसऱ्याला होत नाही, नियमाने घेतले तर पूर्ण बरा होतो, हे मी त्यांच्या भावकीसमोर बसून सांगितले. सिस्टर दर महिन्याला स्वतः औषध घेऊन जायला लागल्या. मुलीने औषध पूर्ण केले. ती बरी झाली. मोडलेली सोयरीक मात्र जुळली नाही.

गरीब माणसाची लाज स्वस्त समजली जाते. शहरातल्या मोठ्या माणसाच्या हाताचा फोटो काढताना मी आधी दहा वेळा विचारले असते. हिला विचारले नाही, कारण ती नाही म्हणणार नाही हे मला माहीत होते. हे मला तुमच्यासमोर कबूल केले पाहिजे.

कायद्यातही हे हळूहळू येते आहे. मार्च 2020 मध्ये सरकारने टेलिमेडिसिनचे नियम काढले. त्यानुसार एक डॉक्टर दुसऱ्याचा सल्ला घेऊ शकतो, पण निर्णयाची जबाबदारी समोर रुग्ण असलेल्या डॉक्टरचीच राहते. ‘गटावर असे सांगितले होते’ हे उत्तर चालत नाही. ऑगस्ट 2023 मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने डॉक्टरांनी समाजमाध्यमांवर कसे वागावे याचे नियम जाहीर केले, रुग्णाचे फोटो टाकू नयेत हेही त्यात होते. त्या नियमावलीला त्याच महिन्यात स्थगिती मिळाली. पण स्थगिती नियमाला मिळाली, रुग्णाच्या भरवशाला मिळालेली नाही.

म्हणून आता आमच्या केंद्राच्या भिंतीवर एक कागद लावला आहे. फोटो काढण्याआधी रुग्णाला त्याच्या शब्दांत विचारायचे, आणि नाही म्हटले तरी उपचार तसाच होईल हे आधी सांगायचे. चेहरा, नाव, गोंदण, केस पेपर, मागची भिंत, काही दिसता कामा नये. टाकण्याआधी फोटो सिस्टरला दाखवायचा. उत्तर मिळाले की काढून टाकायचा. गटात फक्त डॉक्टर आणि सिस्टर, दुसरे कोणी नाही.

मावशींना उत्तर

तर मावशी, तुमचे पैसे मोबाईलला का जातात?

औषध कपाटात असून भागत नाही. कोणते औषध, कोणाला, किती आणि कधी, हे माहीत असणारा माणूस त्या कपाटाजवळ हवा. त्या रात्री दहाही बाटल्या आमच्या कपाटात होत्या. त्या तुम्हीच दिलेल्या होत्या. आणि मी मुलीला ॲसिडिटीचे इंजेक्शन देऊन बसलो होतो. तुमच्या बाटल्या तिच्या रक्तात पोहोचल्या त्या एका प्रश्नामुळे. म्हणून ती ओळ जमाखर्चात आहे, आणि ती औषधाच्याच खाली लिहिली आहे हे मला योग्य वाटते.

पण आज मी जास्त मोबाईल मागायला आलेलो नाही. आहे तो पुरतो. मला तीन गोष्टी हव्या आहेत.

पहिली, वेळ. गुरुवारच्या त्या तासात कोणी ओपीडी सांभाळली तर आम्ही तिघेही नीट शिकू शकतो. आपल्या मंडळीत निवृत्त झालेल्या सिस्टर आहेत, मला ठाऊक आहे. महिन्यातून दोन गुरुवार या. गाडी पाठवतो.

दुसरी, वीज. पावसाळ्यात तिकडे लाईट दोन-दोन दिवस जाते आणि टॉवरही बंद पडतो. केंद्रावर सौर दिव्याची बॅटरी बसली तर निदान आमच्या बाजूने मोबाईल बंद राहणार नाही. आणि टॉवरच बंद असेल तेव्हा काय, त्यासाठी सर्पदंश, विंचू, बाळंतपणातला रक्तस्राव आणि बाळाचा श्वास, या चार गोष्टींचे तक्ते आम्ही छापून भिंतीला लावतो आहोत. रेंज नसली तरी भिंत असते.

तिसरी गोष्ट पैशाची नाही. तुम्ही असेच प्रश्न विचारत राहा. माझ्यासारख्या एकट्या माणसाला कोणी विचारणारे नसले की तो आपलेच खरे मानायला लागतो. पहाटे एका अनोळखी डॉक्टरने मला विचारले, सिस्टरने नळीबद्दल विचारले, आणि मावशींनी पंगतीत विचारले. या तिन्ही वेळी माझे काम सुधारले.

त्या मुलीच्या आईला मी सध्या दर महिन्याला भेटतो. मागच्या खेपेला ती म्हणाली, “डॉक्टर, आता आम्ही खाटेवर झोपतो. दोन बाजा घेतल्या.” मी विचारले, पैसे कुठून आणले? म्हणाली, “ऊसतोडीच्या उचलीतून.” खाटेवर झोपले आणि मच्छरदाणी गादीखाली खोचली की मण्यारीची भीती फार कमी होते. हे तिला आमच्या सिस्टरने सांगितले होते, आणि सिस्टरने ते एका गुरुवारी ऐकले होते.

मावशी, आता तुम्ही बोला.